शेवटच्या संपर्काची तारीख

बाबा मंगळवारी गेले. त्यानंतरच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, त्यांना पत्र आलं.

ई-मेलच होता तो, पण आमच्या घरात त्याला पत्रच म्हणत. दर रविवारी अकराला यायचं. बाबा आधी चष्मा पुसायचे, मग खुर्ची पुढे ओढायचे आणि संशयास्पद गुणपत्रिकेकडे बघावं तसे पडद्याकडे बघत वाचायला लागायचे.

तेहतीस वर्षं बाबांनी पदव्या तपासल्या. ते ज्या मंडळात होते तिथे बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांचे कागद यायचे आणि ती पदवी इथे चालेल की नाही हे मंडळ ठरवायचं. सीमेपलीकडे असंच एक मंडळ होतं. दोन्ही मंडळांचा करार झाला तेव्हापासून पलीकडचा एक माणूस आणि बाबा यांच्यात कागद जाऊ-येऊ लागले. काही कॉलेजांची पाहणी दोघांनी मिळून केली. प्रत्यक्ष भेट उभ्या आयुष्यात तीनदा. पण निवृत्त झाल्यावर दोघांनाही करमेना, म्हणून ते एकमेकांचीच पाहणी करू लागले. त्या माणसाला आम्ही घरात पलीकडचे काका म्हणायचो. मी त्यांचा फोटोही पाहिलेला नव्हता.

पत्रं पाहणी-अहवालाच्या नमुन्यात असत. 'सुविधा: उजवा गुडघा. स्थिती: असमाधानकारक. संस्थेचं म्हणणं: चौथा मजला, लिफ्ट बंद. निरीक्षकाचं मत: संस्थेचं वजन. शिफारस: सहा महिन्यांनी फेरतपासणी.' बाबा एकटेच खुदुखुदु हसत. काय झालं, असं मी विचारलं की म्हणत, "कार्यालयीन बाब आहे."

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही मोजकं बोलणारी. जेवताना समोर पुस्तक धरायची सवय मला त्यांचीच लागली. वाद फक्त दिव्याखाली कुणी बसायचं यावर.

रुग्णालयात गेल्यावर पहिल्या रविवारी बाबांनी मला पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. 'निरीक्षकाचा मुक्काम सध्या रुग्णालयात. भोजन: निकृष्ट. कर्मचारी: उत्तम, पण कुणी बसत नाही.' पुढच्या रविवारी त्यांना धाप लागत होती. डोळे मिटून होते. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले तर एवढंच म्हणाले, "खिडकी उघडेना." त्यांच्या खाटेजवळ खिडकी नव्हतीच. ते भ्रमात बोलताहेत असं मला वाटलं, तरी ती ओळ मी लिहिली आणि बाकीचं पत्र माझ्या मनानं पुरं केलं. तिसऱ्या रविवारी ते काहीच बोलले नाहीत. पत्र गेलं. दोन दिवसांनी बाबा गेले.

म्हणून त्या रविवारी अकरा वाजता पत्र आलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहिलं. ठरवून नव्हे. तोवर बाबा गेल्याचं मी चाळीसेक जणांना सांगितलं होतं. वाक्य तयार होतं, त्यातला एकही शब्द आता अडखळत नव्हता. पण समोर तो नमुना होता, आणि त्यातली पहिली ओळ नेहमी 'निरीक्षक: हजर' अशी असे. ती लिहून झाल्यावर खाली ते वाक्य कुठे बसवायचं, मला कळेना.

ते खपूनही गेलं. बाबा आणि काका ज्या भाषेत लिहीत ती दोघांनाही परकी होती. परक्या भाषेत माणसाचा आवाज कमी आणि व्याकरण जास्त ऐकू येतं, आणि बाबांचं व्याकरण मला पाठ होतं.

असे पाच रविवार गेले. मी लिहिलं, 'निरीक्षक घरी परतले.' मी लिहिलं, 'स्वयंपाकघर: कप दोन. वापरात एक.' काकांनी विचारलं, 'मुलगी गावाला गेली आहे का?' मी लिहिलं, 'मुलगी घरीच आहे. फारशी बोलत नाही.' त्यावर पुढच्या रविवारी आलं, 'मग तुम्ही बोला. हे काम तुमच्याकडून नेहमीच राहून जातं, आणि तुम्ही ते कधीच कामकाजात दाखवत नाही.'

ते मी किती वेळा वाचलं, सांगत नाही.

सहाव्या रविवारचं पत्र नमुन्यात नव्हतं. काका घाईत होते. 'नदीकाठचं ते परिचर्या कॉलेज आठवतं? चौदा वर्षांपूर्वी आपण दोघं गेलो होतो. पुरात ते वाहून गेलं. त्यांची दप्तरं गेली, आमच्या मंडळाची प्रत स्थलांतरात गहाळ झाली, तुमच्या मंडळानं दहा वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केली. तिथे शिकलेली एक परिचारिका आता तुमच्याच शहरात आहे. तिची पदवी कुणी मानत नाही. सात देशांच्या नव्या करारात एक कलम आहे: संस्था उरली नसेल, तर ती प्रत्यक्ष पाहिलेल्या, वेगवेगळ्या मंडळांच्या दोन निरीक्षकांचं एकत्रित निवेदन चालेल. जुन्या प्रकरणांसाठी मुदत या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत. ते कॉलेज पाहिलेले निरीक्षक जगात दोनच आहेत, तुम्ही आणि मी. निवेदन जोडलं आहे. वाचून सही करा. तिला तुमचा पत्ता दिला आहे.'

त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही.

बुधवारी दुपारी बेल वाजली. दारात पस्तिशीची एक बाई, छातीशी प्लास्टिकचं फोल्डर धरून.

"साहेब आहेत?"

"नाहीत. आत या."

"येतील ना इतक्यात? मी थांबते, ताई. तीनपर्यंतची सुटी मागून आलेय. आमची मुख्य बाई घड्याळ हातात घेऊनच उभी असते, पण आज म्हटलं, उभी राहा."

मी चहा ठेवला. ती बसली, पण फोल्डर मांडीवरून खाली ठेवलं नाही. वृद्धाश्रमात काम करते म्हणाली. "चादरी बदलायच्या, भरवायचं, अंग पुसायचं. इंजेक्शनला बाहेरून एक पोरगी येते. परवा तिला शीर सापडेना. आजी कळवळताहेत, ही आपली टोचतेय. मी शेजारी वाटी धरून उभी. हात नुसते शिवशिवत होते, पण लावायचा नाही ना. कागद नाही."

"कॉलेजचं प्रमाणपत्र?"

"आहे की. पण ते खरं आहे असं सांगणारं कोण उरलंय? पोर्टलवर माझं नाव टाकलं की येतं, 'नोंद आढळत नाही.' म्हणजे मी चार वर्षं काय नदीवर कपडे धूत होते?" ती हसली. "पण मला तुमचे साहेब आठवतात हं. दोघं आले होते आमच्या प्रात्यक्षिकाला. एक जाडे, सारखे घाम पुसणारे. आणि दुसरे हे. वॉर्डात शिरले ते आमच्याकडे बघेचनात. सरळ खिडकीपाशी गेले आणि ती उघडायला लागले. उघडेना. मग दोन्ही हातांनी. तरी उघडेना. आम्ही सगळ्या जणी तोंडावर हात घेऊन हसतोय. प्राचार्य म्हणाले, साहेब, पंखे आहेत. तर साहेब विचारतात, 'आणि वीज गेल्यावर?' झालं. प्राचार्य गप."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

ते जाडे साहेब तिच्याकडे वळून म्हणाले होते म्हणे, "घाबरू नका, हा जिथे जातो तिथे आधी खिडकीच बघतो. माझ्या ऑफिसातलीसुद्धा बघितली."

हे मला माहीत नव्हतं. बाबांबरोबर मी बेचाळीस वर्षं काढली, पण ते कामावर असताना खोलीत शिरल्यावर आधी काय करत, हे मला चादरी बदलणाऱ्या एका अनोळखी बाईकडून कळत होतं.

ती दाराकडे बघत होती. "ताई, एक विचारू? साहेब गेलेत ना?"

मीही दाराकडे बघितलं.

"चपला दाराशी आहेत आणि त्यांच्यावर धूळ आहे. आमच्याकडे खोली रिकामी झाली की घरचे लोक कपडे नेतात, चष्मा नेतात, चपला तिथेच राहतात. कुणाला उचलवत नाहीत."

"सहा आठवडे झाले," मी म्हणाले. तयार वाक्य या वेळी आठवलंच नाही.

"आजारी होते?"

"हो. फुप्फुसं."

तिनं मान हलवली, मग म्हणाली, "म्हणजे माझं राहिलं." तक्रार नव्हती त्यात. बस चुकल्यावर म्हणतात तसं म्हणाली. मी नको म्हणत असताना तिनं दोन्ही कप धुतले, पालथे घातले. जाताना चपलांचे बंद लावता लावता म्हणाली, "पलीकडच्या साहेबांना कळलेलं दिसत नाही. फोनवर म्हणाले, तो आता बरा आहे, घरी आलाय, जाऊन भेट."

मी दाराच्या कडीकडे बघत राहिले. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. औषध घेतलं म्हणून सांगणाऱ्या आणि न घेतलेल्या पेशंटकडे बघत असेल तसं. मग गेली.

निवेदनाची प्रत माझ्या टेबलावर होती. खाली दोन रेघा, एकीखाली काकांचं नाव, एकीखाली बाबांचं. काकांना बाबा जिवंत वाटत होते. मंडळातल्या बऱ्याच जणांनाही अजून कळलेलं नसणार, कारण बाबांनीच कुणाला बोलवायचं नाही म्हणून सांगितलं होतं. एक सही, मागच्या महिन्यातली एक तारीख, आणि त्या बाईच्या हातातली वाटी सुटली असती. शिवाय रविवारची पत्रंही चालू राहिली असती. हे दुसरं मी स्वतःशी लगेच कबूल केलं नाही.

वर्तमानपत्राच्या समासात मी बाबांची सही करून पाहिली. पाच-सहा वेळा. हुबेहूब यायला लागली.

आठवीत असताना मी प्रगतिपुस्तकावर त्यांची सही केली होती, गणिताच्या गुणांमुळे. वर्गशिक्षिकेला कळलं नाही, पण महिन्याभरानं ते पुस्तक बाबांच्या हाती पडलं. ज्याचा पोटापाण्याचा धंदाच सह्या तपासणं, त्याच्या घरात हा उद्योग करणारी मी. ते रागावले नाहीत. पुस्तक दिव्याखाली धरून म्हणाले, "चांगली आहे. पण मी घाईत सही करतो आणि तू सावकाश केली आहेस. खोटी सही नेहमी सावकाश असते." मग माझ्या सहीखाली आपली सही केली. घाईत.

मी समासाची ती पट्टी फाडली, वर्तमानपत्र रद्दीत टाकलं आणि त्यांच्या वह्यांचं कपाट उघडलं.

प्रत्येक पाहणीची एक वही. पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली रेघ. डावीकडच्या रकान्यावर 'सांगितलेलं', उजवीकडच्यावर 'दिसलेलं'. एकसष्ट वह्या होत्या. नदीकाठच्या कॉलेजची चौतिसावी निघाली. डावीकडे: 'वॉर्ड हवेशीर आहे.' उजवीकडे: 'खिडकी उघडेना. दोन्ही हातांनीही.' त्याच्या पुढच्या पानावर प्रात्यक्षिकाला बसलेल्या तेवीस जणींची नावं, क्रमांक, आणि प्रत्येकीपुढे उजवीकडे एक ओळ. सतरावी ती होती. 'टोचण्याआधी रुग्णाला नाव विचारलं. बाकी कुणी विचारलं नाही.'

गुरुवारी मी अर्धा दिवस रजा टाकून मंडळात गेले. बाबांच्या जागी आता ज्या मॅडम बसतात त्या पूर्वी त्यांच्याच हाताखाली होत्या.

"रकानेसाहेबांची मुलगी ना तू?" त्या म्हणाल्या. बाबांना तिथे रकानेसाहेब म्हणत हे मला तेव्हा कळलं. "कसे आहेत? फोनच नाही केव्हापासून."

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मला शिकवलं त्यांनी. पहिल्या दिवशी माझा अहवाल परत केला. म्हणाले, डावा रकाना छान भरलाय, उजवा कुठाय?"

मी वही आणि निवेदन पुढे केलं. त्यांनी तेवीस नावं बोट फिरवत वाचली, वहीची शिवण बघितली, तारखा बघितल्या, कराराचं पुस्तक काढून कलम काढलं.

"चालेल. निरीक्षक हयात नसेल तर पाहणीच्या वेळी त्यानं स्वतः केलेली टिपणं धरतात. मूळ वही लागेल. परत मिळणार नाही, सांगून ठेवते."

"हरकत नाही."

"मृत्यूचा दाखला जोडायचा. आणि हे निवेदन नको, याच्यासाठी वेगळा नमुना आहे. दुसरे निरीक्षक तो भरतील, सही करतील. बघ, इथे आहे. 'सहनिरीक्षकाशी शेवटच्या संपर्काची तारीख व स्वरूप.'"

"हे कशाला?"

"करार करणाऱ्यांची डोकी. गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी मागाहून काही लिहू नये म्हणून असेल. लोक काय, काहीही करतात."

मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटमधला बुडबुडा बघत होते.

"संध्याकाळी पाठवते पलीकडे," त्या म्हणाल्या.

"उद्या पाठवाल? त्यांना आधी मला सांगायचंय."

"अजून सांगितलं नाहीस?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. पुढे काही विचारलं नाही. त्याही बाबांच्याच तालमीतल्या. "उद्या बारापर्यंत थांबते. त्यापुढे नाही. तीस तारीख आहे, आणि मध्ये शनिवार-रविवार."

घरी येऊन मी पत्र लिहायला बसले. या वेळी नमुना नाही. चौदा ओळी लिहिल्या, दहा खोडल्या. राहिलं ते असं: 'बाबा गेल्या महिन्याच्या बारा तारखेला गेले. त्यानंतरची पाच पत्रं माझी आहेत. परिचारिकेसाठी त्यांची वही मंडळात दिली आहे, तुमच्या सहीचे कागद उद्या येतील. मला क्षमा करा.' खाली माझी सही. रुग्णालयातल्या पत्रांबद्दल काही लिहिलं नाही. त्यांतलं कुठलं किती कुणाचं, हे कसं सांगायचं ते मला समजत नव्हतं.

शुक्रवारी उत्तर आलं नाही. शनिवारीही नाही. रविवारी अकराला मी खुर्ची पुढे ओढून बसले, साडेबारापर्यंत बसले, मग भात लावला. बाबा गेल्यावर लोक येऊन गेले, आत्या आठ दिवस राहून गेली, ग्रंथालयातल्या मुलींनी डबे आणले, आणि त्या सगळ्यात घर रिकामं झालं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. ते त्या रविवारी झालं. जगात एक माणूस असा होता की ज्याच्या लेखी बाबा घरी परतले होते, कपात चहा ओतत होते, मुलीशी बोलायचं टाळत होते. मी त्यालाही सांगून टाकलं होतं.

मला आणखी एक भीती होती. काका रागावले आणि त्यांनी सहीच केली नाही, तर? फसवलं गेलेल्या माणसानं फसवणाऱ्या घरातून आलेली वही का खरी मानावी? मीच त्या वहीची किंमत कमी करून ठेवली होती.

सोमवारी दुपारी मॅडमचा फोन आला. "कागद आले. येऊन जा, वही त्यांचीच आहे म्हणून वारसाची सही लागते."

मी गेले. कागद टेबलावर होते. काकांचं अक्षर मी पहिल्यांदाच बघत होते. तिरकं, मोठं, रेघेबाहेर जाणारं. वही, प्रात्यक्षिक, सतरा क्रमांक, सगळं त्यांनी मान्य केलं होतं. मग तो रकाना.

'सहनिरीक्षकाशी शेवटच्या संपर्काची तारीख: तीन.'

मृत्यूच्या आधीचं शेवटचं पत्र दहा तारखेचं होतं. दाखल्यावरची तारीख बघून कुणीही दहाच लिहिली असती. तीन तारखेचा रविवार म्हणजे बाबा डोळे मिटून होते तो.

शेजारी, स्वरूप: 'पत्र. त्यातली खिडकीची ओळ त्यांची. बाकी मुलीची.'

"हे काय लिहिलंय?" मॅडम म्हणाल्या. "नुसतं 'पत्र' पुरलं असतं. पण चालेल, खोडायला नको."

"बरोबर आहे ते," मी म्हणाले.

मला काकांची खोली दिसली. चौथा मजला, उजवा गुडघा, टेबलावर छापून काढलेली सगळी पत्रं, आणि जन्मभर दुसऱ्यांचे कागद तपासलेला तो माणूस आपल्याच मित्राची पत्रं एकेक करून बाजूला काढत, मागे मागे जात. पाच मी सांगितलेली. सहावं मी न सांगितलेलं. आणि सातव्यात एका ओळीपाशी थांबलेला.

मी सही केली. पेन अडकलं, तरी घाईतच केली.

मंगळवारी संध्याकाळी परिचारिकेचा फोन आला. पत्र मिळालं होतं, खाली दोन देशांचे शिक्के. "ताई, आमच्या मुख्य बाईंनी तीन वेळा वाचलं. आता म्हणतात, पुढच्या महिन्यापासून इंजेक्शनं तूच दे. मी म्हटलं, आजींना विचारा, त्या आजपासून म्हणतील." मग म्हणाली, "चपला उचलल्यात का?"

"नाही अजून."

"राहू द्या. घाई नाही."

काकांना मी आभाराचं पत्र पाठवलं. पोचलं असणार. त्यांनी जे लिहायचं ते त्या रकान्यात लिहिलं होतं, आणि मला वाटतं, त्याहून जास्त त्यांच्याकडे माझ्यासाठी नव्हतं. ते पत्रं बाबांना लिहीत होते.

पुढच्या रविवारी अकरा वाजले. मी नवी वही घेतली, पट्टीनं मधोमध रेघ मारली, वर दोन्ही मथळे लिहिले. मग उठून बाबांच्या खोलीत गेले आणि खिडकीला हात घातला. थोडी कुरकुरली, पण एका हातानं उघडली. खालून कुणीतरी गाडी धूत असल्याचा आवाज आला.

येऊन तेवढं उजवीकडे लिहिलं. डावीकडे लिहिण्यासारखं कुणी काही सांगितलेलं नव्हतं.